क्वीन्सचे टक्केटोणपे

न्यूयॉर्क म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मॅनहॅटनच्या उंच इमारती येतात. मी राहते नदीच्या अलीकडे, क्वीन्समध्ये. वस्ती चोवीस लाखांच्या आसपास आणि त्यातले जवळजवळ निम्मे लोक अमेरिकेबाहेर जन्मलेले. जॅक्सन हाइट्स आणि एल्महर्स्टच्या वेशीवर एका औषधांच्या दुकानात मी फार्मसिस्ट आहे. काउंटरपुढे अर्धं जग खोकत, कण्हत, भांडत येऊन उभं राहतं. इतक्या वर्षांत जे पदरात पडलं ते मांडते आहे. आकडे केवळ सोयीसाठी घातलेत.

१. आपण निवडून घेतलेली माणसं आहोत, हे विसरू नये.

महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात एक वाक्य हमखास कानावर पडतं, ‘आपल्या लोकांनी इथे स्वतःच्या हिमतीवर नाव काढलं.’ कष्ट केले, नाही कोण म्हणतंय? पण दारात चाळणी लागलेली होती. १९२४ च्या कायद्याने आशियातल्या लोकांना अमेरिकेचं दार जवळपास बंद झालं. १९४६ मध्ये ते किलकिलं झालं तेव्हा भारताच्या वाट्याला आली वर्षाला शंभर माणसं. अख्ख्या देशातून शंभर! ही देशवार वाटणी १९६५ मध्ये मोडली. ३ ऑक्टोबरला अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी बसून नव्या कायद्यावर सही केली. तो कायदा रेटणाऱ्यांपैकी इमॅन्युएल सेलर हे इथले, ब्रुकलिनचे प्रतिनिधी. १९२४ मध्ये ते काँग्रेसमध्ये नवखे होते, तेव्हाही त्यांनी जुन्या कायद्याला विरोध केला होता आणि पुढची चाळीस वर्षं तो सोडला नाही.

नव्या कायद्याने प्राधान्य दिलं ते नातेवाइकांना आणि शिकल्यासवरल्या लोकांना. म्हणून डॉक्टर आले, इंजिनियर आले, मागाहून सांगलीची एक बी. फार्म. आली. वर्गातली पहिल्या बाकावरची मुलं तेवढी उचलून आणायची आणि मग त्यांनीच म्हणायचं की अभ्यास आमच्या रक्तात आहे! माझ्या दुकानात येणारा बांगलादेशी टॅक्सीवाला व्हिसाच्या लॉटरीत नाव निघालं म्हणून आला. त्याच्याकडे पदवी नव्हती. त्याच्या मुलीने शहरातल्या नामांकित सरकारी शाळेची प्रवेश परीक्षा पास केली. तिचं कौतुक मी जास्त करते.

आणखी एक. नागरी हक्कांचा कायदा १९६४ चा, मतदानाच्या हक्काचा १९६५ चा, आणि त्यांच्या पाठोपाठ आपल्याला आत घेणारा कायदा. वंशावरून माणूस तोलणं ही लाजेची गोष्ट आहे, हे कृष्णवर्णीयांनी दक्षिणेतल्या रस्त्यांवर मार खाऊन देशाच्या गळी उतरवलं. त्यानंतरच आपल्याला वाट मिळाली. असं असूनही घर घेताना आपले लोक एजंटला हळूच विचारतात, ‘वस्ती कुणाची आहे?’

२. आत शिरताना मागच्याला लाथ मारून उपयोग होत नाही.

भगतसिंग थिंड हे पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्करात होते. परदेशातून आलेल्यांपैकी गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच तेव्हा नागरिक होता येई. सुप्रीम कोर्टात थिंड यांच्या बाजूने मांडणी झाली ती अशी: हे उच्च जातीचे, आर्य, म्हणजे गोरेच, आणि हलक्या मानलेल्या लोकांशी सोयरीक करायचा यांना तुमच्याइतकाच तिटकारा आहे. १९२३ मध्ये कोर्टाने सांगितलं की सामान्य अमेरिकन माणसाच्या समजुतीने तुम्ही गोरे नाही, विषय संपला. त्या निकालाच्या जोरावर आधी नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचंही नागरिकत्व काढून घेतलं. जात काखेत मारून आणली, तिचा कवडीचा उपयोग झाला नाही.

ज्ञानकोशकार केतकर न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकत होते, तेव्हाच्या आपल्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी बजावून ठेवलं होतं की हिंदू जगभर गेले तर जात हा जगाचा प्रश्न होऊन बसेल. कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या बाबासाहेबांनी १९१६ मध्ये जातींवर निबंध वाचला, त्यात केतकरांचं हे म्हणणं त्यांनी आवर्जून घेतलं. याच राज्यात पोकीप्सीच्या दफनभूमीत आनंदीबाई जोशींची रक्षा आहे. पहिल्या मराठी डॉक्टरणीचा दगड, आणि त्यावरही त्या ब्राह्मण असल्याचं कोरलेलं आहे.

आणि आज? मंडळात नवी ओळख झाली की तिसऱ्या वाक्याला ‘आडनाव काय म्हणालात?’ येतंच. विचारण्यामागचा हेतू न कळण्यासारखा नसतो. इथून चार स्टेशनं अलीकडे वूडसाइडला रविदास मंदिर आहे. त्याच्याजवळच्या चौकाला २०२३ मध्ये डॉ. आंबेडकरांचं नाव दिलं. जयंतीच्या सुमारास मी गेले होते. लंगरमध्ये बसलेले बहुतेक सगळे पंजाबी. मराठी माणूस शोधावा लागला. न्यू जर्सीत एडिसनच्या गणपतीला पार्किंग मिळत नाही एवढे आपण जमतो, म्हणून म्हटलं.

३. चेहरा बघून ‘तुम्ही इंडियात कुठले?’ विचारू नये.

रिचमंड हिलमधून फिरताना घरापुढच्या चिमुकल्या अंगणात बांबूंवर लाल, पिवळे, पांढरे झेंडे फडकताना दिसतात. घरात पूजा झाली की हा झेंडा रोवायचा, त्याला ते झंडी म्हणतात. हे गयानाचे लोक. १८३८ पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेल्या मजुरांचे वंशज. भाषा गेली. तुलसी रामायण रोमन लिपीत वाचतात. पण लग्नाआधी बायका वाजतगाजत जाऊन माती उकरून आणतात, तो विधी चुकत नाही. लिबर्टी अॅव्हेन्यूवर वसंतात फगवाची मिरवणूक निघते, तेव्हा गुलालाने अख्खा रस्ता लाल होतो.

आमच्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या एका गयानीज मावशींना रांगेतल्या आपल्या एका बाईंनी हाच प्रश्न विचारला. मावशी म्हणाल्या, ‘मी इंडियात कुठलीच नाही. माझ्या पणज्याला तुम्ही लोकांनी बोटीत बसवून दिलं, नंतर कुणी विचारपूस केली नाही.’ रांगेत हशा पिकला, पण मावशी हसत नव्हत्या. मग त्यांनीच विषय बदलून बाईंना विचारलं, ‘तुम्ही इथे नव्या वाटतं?’ त्या स्वतः सत्तरच्या दशकात आलेल्या. म्हणजे अमेरिकन म्हणून कोण कुणापेक्षा जुनं, हेही कळलं.

या गयानीज लोकांना जनगणनेच्या फॉर्मवर धड चौकट सापडत नाही. आशियाई म्हणावं तर आशिया कुणी पाहिलेला नाही, आणि कॅरिबियन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वेगळा चेहरा येतो. भारतीयांनी तर यांना आपल्यात धरलंच नाही. मला मात्र वाटतं की आपल्या नातवंडांचं काय होणार ते पाहायचं असेल तर रिचमंड हिलला जावं. मराठी जाईल, मोदक राहतील.

४. अर्धा क्वीन्स १ जानेवारीला जन्मलेला आहे.

औषध देताना नाव आणि जन्मतारीख विचारावी लागते. नेपाळी, अफगाण, बांगलादेशातल्या खेड्यांतली म्हातारी माणसं: १ जानेवारी, १ जानेवारी, १ जानेवारी. खरी तारीख कुणी लिहून ठेवली नव्हती, मग सरकारी कारकुनाने घातली ती. तिबेटी लोकांची गंमत वेगळी. पासपोर्टवर एकच नाव, म्हणून अमेरिकन कागदांवर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ पडतं, पहिलं नाव अज्ञात असल्याची खूण. आमच्या कॉम्प्युटरमध्ये या नावाचे इतके पेशंट आहेत की नव्या पोराला वाटलं ते एकच मोठं घराणं असावं.

५. धर्मस्वातंत्र्य हवं असेल तर दुसऱ्याच्या अर्जावर सही करावी लागते.

फ्लशिंगमधला बाउन स्ट्रीट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावा. सतराव्या शतकात हे डचांच्या वसाहतीतलं गाव होतं. गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट यांनी क्वेकर पंथाच्या लोकांना थारा देणाऱ्याला दंड लावला. डिसेंबर १६५७ मध्ये गावातल्या तीस माणसांनी सह्या करून त्यांना कळवलं की आम्हाला हे जमणार नाही. कुणीही दारात आलं तरी त्याच्या श्रद्धेचा निवाडा आम्ही करणार नाही. ज्यू आणि तुर्कांचाही उल्लेख त्यात आहे. सह्या करणारे स्वतः क्वेकर नव्हते, हा त्यातला खरा मुद्दा. गव्हर्नरने अर्ज फेटाळला, गावच्या कारकुनाला अटक केली, काहींनी घाबरून माफी मागितली. पुढे १६६२ मध्ये जॉन बाउन यांना, घरात क्वेकरांची सभा भरवली म्हणून पकडून हद्दपार केलं. ते हॉलंडला पोचले, वसाहत चालवणाऱ्या डच कंपनीच्या दारात दाद मागितली, आणि कंपनीने गव्हर्नरला लिहिलं की लोकांच्या श्रद्धेत ढवळाढवळ करू नका. त्यांचं घर अजून उभं आहे.

त्याच रस्त्याने दक्षिणेला चालत राहिलं की गणपतीचं देऊळ लागतं. ४ जुलै १९७७ ला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तिथे प्रतिष्ठापना झाली. २०२२ मध्ये रस्त्याच्या त्या भागाला गणेश टेंपल स्ट्रीट हे जोडनाव मिळालं. तळघरातल्या कँटीनमध्ये डोसे मिळतात. तिथे रविवारी चिनी, कोरियन, गोरे, सगळे स्टीलच्या टेबलांशी दाटीवाटीने बसलेले असतात. काउंटरवरून नंबर पुकारला की पळायचं, नाहीतर डोसा गार.

२०१० मध्ये मॅनहॅटनला, जुळे मनोरे होते तिथून जवळ, मुस्लिमांच्या केंद्रावरून देशभर गदारोळ चालला होता. याच कँटीनमध्ये मी टेबलावरच्या मंडळींना विचारलं, त्यांच्या बाजूने एखादा अर्ज आला तर सही कराल का? सांबाराच्या वाट्यांकडे बघत सगळे गप्प. एक काका म्हणाले, ‘आपण कशाला मध्ये पडा?’ काका भले आहेत, देवळासाठी वर्षानुवर्षं राबलेत. पण बाउन यांच्या शेजाऱ्यांनी असाच विचार केला असता तर काकांना डोसा कुठे मिळाला असता, हे त्यांना मी तिथेच ऐकवलं. त्यांना आवडलं नाही.

६. काल आलेला आज आलेल्याला नावं ठेवतो.

जॅक्सन हाइट्सच्या बागा असलेल्या देखण्या इमारती १९१० आणि २० च्या दशकांत उभ्या राहिल्या त्या गोऱ्या प्रोटेस्टंट कुटुंबांसाठी. ज्यूंना, कृष्णवर्णीयांना तिथे घर मिळत नसे. पुढे ज्यू आले, लॅटिन अमेरिकेतून लोक आले, सत्तरच्या दशकात ७४ व्या रस्त्यावर साड्या, सोनं आणि २२० व्होल्टचे मिक्सर विकणारी आपली दुकानं आली. माझ्या इमारतीतल्या आयरिश आजी सांगायच्या की त्या काळी रहिवाशांच्या सभेत एकच विषय असे, इंडियन दुकानांमुळे होणारी गर्दी, कचरा आणि डबल पार्किंग.

आता त्याच रस्त्यावरचे दुकानदार रूझवेल्ट अॅव्हेन्यूवरच्या फेरीवाल्यांविरुद्ध हाच पाढा वाचतात. पुलावरून सात नंबरची गाडी धडधडत जाते आणि खाली इक्वेडोरची बाई कापलेले आंबे विकते, मेक्सिकोची तमाले, तिबेटी मोमो. परवाने मोजके, ते भाड्याने काळ्या बाजारात फिरतात. एका सराफाने मला तावातावाने सांगितलं, ‘हे लोक कायदा पाळत नाहीत, इंग्रजी शिकत नाहीत, आपल्यातच राहतात.’ सगळं गुजरातीत सांगितलं.

फेरीवाल्यांमुळे चालायला जागा उरत नाही, हे खरं आहे. मीही वैतागते. पण तक्रार रस्त्याची करावी, माणसाच्या जातकुळीची करू नये.

७. शहर कोणाच्या जिवावर चालतं ते २०२० मध्ये दिसलं.

मार्चच्या अखेरीस आमच्या भागातल्या सरकारी हॉस्पिटलात चोवीस तासांत तेरा माणसं कोविडने दगावल्याची बातमी आली. रस्त्यावर अँब्युलन्सच्या भोंग्याखेरीज आवाज नाही. आम्ही काउंटरपुढे प्लास्टिकचा पडदा लावून बसलो होतो. घरून काम करणारे घरात होते. औषध पोचवणारा सायकलवाला, किराणा लावणारी, म्हाताऱ्यांना अंघोळ घालणारी, हे घरून काय करणार? एका घरात आठ-दहा जण, खोल्या पाळीपाळीने वापरणारे. एक आजारी पडला की सगळं घर. यातल्या अनेकांकडे कागद नव्हते, म्हणून केंद्राने पाठवलेल्या मदतीच्या चेकमधून ते वगळले गेले, कर भरत असूनही. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क राज्याने अशा कामगारांसाठी २.१ अब्ज डॉलर बाजूला काढले. ती रक्कम पुरली नाही, अर्ज घेणं लवकरच थांबवावं लागलं.

तेव्हापासून ‘बेकायदा लोक’ हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. कायद्याची बाजू मला ठाऊक आहे. पण आमच्या पडद्यापलीकडे तोंडाला फडकं बांधून ‘आणखी कुठे पोचवायचं?’ विचारत उभा राहिलेला तो ग्वातेमालाचा पोरगाही मला ठाऊक आहे.

८. शपथेच्या दिवशी रडू येतं, पण कशाचं ते सांगता येत नाही.

क्वीन्सकरांची नागरिकत्वाची शपथ ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टात होते. त्याआधी मुलाखतीत राज्यघटना, इतिहास वगैरेंचे दहा प्रश्न असत, सहा बरोबर आले की पास. आता प्रश्न वाढवलेत म्हणे. वंश कोणता, बापाचा धर्म कोणता, यावर काही अडत नाही. थिंड यांचा खटला वाचलेला असल्याने मला याचं अप्रूप जास्त.

आमच्या वेळी न्यायाधीशांनी देशांची नावं वाचली आणि त्या त्या देशाच्या लोकांना उभं राहायला सांगितलं. शेवटी सगळा हॉल उभा. मग परकीय राजेरजवाड्यांवरची निष्ठा सोडल्याची शपथ. सांगलीच्या पटवर्धनांवर माझी निष्ठा कधी नव्हती, ते सोपं गेलं. अवघड गेलं भारतीय पासपोर्टवर रद्द झाल्याचा शिक्का बघणं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर जाता येतं, राहता येतं, मत देता येत नाही. वडिलांना फोन केला तर म्हणाले, ‘बरं झालं, आता तिथल्या निवडणुकीवर तरी बोल. इथल्या निवडणुकीवर तुझं ऐकून कान किटले.’

९. मतपत्रिका हातात आल्यावर सगळे ‘आपण’ फुटतात.

मतदान हक्काच्या कायद्यानुसार क्वीन्समध्ये भारतीय लोकांसाठी त्यांच्या भाषेत मतपत्रिका देणं भाग पडलं. भारतीय भाषा म्हणजे कोणती? बंगाली ठरली. २०१३ पासून ती छापतात, आणि तिचा मुख्य फायदा होतो बांगलादेशींना. आमचे हिंदी, गुजरातीवाले चडफडले. मला हसू आलं. सोय झाली ना कुणाची तरी?

दिवाळीच्या सुट्टीचंही तसंच. २०२३ मध्ये कायदा झाला आणि १ नोव्हेंबर २०२४ ला शहरातल्या सरकारी शाळा दिवाळीसाठी पहिल्यांदा बंद राहिल्या. लगेच वाद, दिवाळी ३१ ची की १ ची? कालनिर्णयात लक्ष्मीपूजन १ लाच होतं, त्यामुळे मी निर्धास्त. ३१ ला नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकत्र आले. सकाळी उटणं, संध्याकाळी दारात भुतं. सुट्टी मिळवायला शीख, जैन, बौद्ध, गयानीज, सगळे एकत्र होते. पण कंपालात जन्मलेले, २०१८ मध्ये नागरिक झालेले झोहरान ममदानी २०२५ मध्ये महापौरपदाला उभे राहिले तेव्हा याच मंडळींचे दोन तट पडले. कँटीनमधले ते काका विरोधात, काकांची नात घरोघर ममदानींचा प्रचार करत फिरली. निवडून आले ते. काका आणि नात डोसा खायला अजून बरोबर जातात.

आमच्या घरातला वाद ३४ व्या अॅव्हेन्यूचा आहे. कोविडच्या काळात या रस्त्याचे सव्वीस ब्लॉक दिवसा गाड्यांना बंद केले, ते तसेच राहिले. मुलं सायकली चालवतात, बायका झुंबा करतात, म्हातारे खुर्च्या टाकून बसतात. मी या बाजूची. नवऱ्याला गाडी लावायला जागा मिळत नाही, तो त्या बाजूचा. त्याच्या गटात एक कोलंबियन पाद्री, दोन पंजाबी टॅक्सीवाले आणि आयरिश आजींचा मुलगा. माझ्या गटात मेक्सिकन आया, एक ज्यू निवृत्त मास्तर आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या बांगलादेशी आपा. कम्युनिटी बोर्डाच्या बैठकीत प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात, मग घंटा. पुढच्या बैठकीसाठी आम्ही दोघांनीही नावं नोंदवली आहेत. त्याचा नंबर माझ्या आधी लागलाय, म्हणजे त्याला उत्तर द्यायची सोय झाली.